ऊसतोडीला अर्धी मंडळी निघून जाते, तर हॉल बांधू का?

प्रश्न (धारूर तालुका, जि. बीड)

जय ख्रिस्त. माझं वय ३१. चार वर्षांपासून रविवारी संध्याकाळी आमच्या ओसरीवर प्रार्थना भरते. आधी आई, मी अन् शेजारची एक म्हातारी. आता सात घरं येतात. गावात मंडळी, म्हणजे चर्च, उभी करण्याचं देवाचं पाचारण मला आहे, याबद्दल मनात शंका नाही. त्यासाठीच पुण्यातलं मोबाईल दुरुस्तीचं काम सोडून आलो.

पण दसरा झाला की मुकादमाची गाडी दारात. सातपैकी पाच घरांनी उचल घेतलेली. कोयते निघाले की ओसरीवर म्हातारी माणसं अन् लेकरं उरतात, ते थेट मार्च-एप्रिलपर्यंत. दरसाल पुन्हा पहिल्यापासून.

आता बाहेरची एक संस्था म्हणते, जागा दाखवा, पत्र्याचा हॉल बांधून देतो, तुम्हाला महिन्याला पगारही देतो. अट एवढीच की दर तीन महिन्यांनी बाप्तिस्म्यांचा आकडा कळवायचा. आईला दम्याची औषधं लागतात, पैसा मला हवाच आहे. तरी आकड्याचं ऐकल्यापासून झोप लागंना. काय करावं?

उत्तर १ (निवृत्त पाळक, जालना)

लेकरा, आकडा मागणाऱ्याचा पैसा घेऊ नकोस. मी घेतला होता. परतूरकडच्या एका गावात बाहेरच्या पैशातून छान इमारत उभी राहिली. तिसऱ्या वर्षी पैसा थांबला, माझी बदली झाली, दाराला कुलूप लागलं. परवा गेलो तर आत सोयाबीनच्या थप्प्या. माणसं तयारच केली नव्हती मी, भिंती केल्या होत्या. हे मला अजून बोचतं.

त्याच काळात दुसऱ्या गावी लिंबाखाली जमणारी नऊ घरं होती. बाया भाकरी थापायच्या आधी मूठभर पीठ बाजूला काढायच्या. महिन्याचं विकून त्यातून दिवाबत्ती अन् पाळकाचं एसटीचं भाडं. ती मंडळी आजही आहे.

यात नवीन काही नाही. अहमदनगरला १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशन होतं. ते मिशन चालवणाऱ्या अमेरिकेतल्या मंडळाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये स्वतः हिंदुस्थानात आले. मंडळीनं आपला खर्च, आपला कारभार आणि आपली सुवार्ता स्वतः सांभाळावी, हा त्यांचा आग्रह. आमच्या जालन्याजवळ पाळक नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवलं, तेही नुसतं चर्च नव्हे, अख्खं गाव. बायबलातल्या प्रेषित पौलानंही प्रत्येक मंडळीत तिथलेच वडील, म्हणजे पुढारी, नेमले (प्रेषितांची कृत्ये १४:२३) आणि पोटासाठी तंबू शिवले (१८:३). तुझ्या हातात दुरुस्तीचं कसब आहे, धारूरच्या बाजारात टेबल टाक. त्यानं पाचारण कमी होत नाही.

उत्तर २ (गेवराईकडची एक बहीण)

भाऊ, मी बारा वर्षं नवऱ्याबरोबर कोयता चालवला. तुम्ही म्हणता मंडळी निघून जाते. ती फडावर जाते, तिथंच असती.

पहाटे तीनला उठून फडात, संध्याकाळी कोपीवर, आमच्या झोपडीत, आलं की पाठ टेकायची. रविवार कसला? पण कारखान्यावर वजनकाट्याला गाड्यांची रांग लागती, तासन् तास. त्या रांगेत आम्ही तिघी ना. वा. टिळकांची ख्रिस्ती गीतं म्हणायचो, जेवढी पाठ तेवढी. केज तालुक्यातली एक बाई ऐकत ऐकत येऊन बसली. तिच्या लेकराला ताप होता, आम्ही प्रार्थना केली अन् दवाखान्यातही नेलं. आता तिच्या गावात तिच्या घरी प्रार्थना भरती. कुणी पाळक तिथं आला नव्हता.

मला अक्षर येत नव्हतं. फोनवर शास्त्र ऐकून ऐकून पाठ झालं. तुमच्या पाच घरांतल्या एका बाईला तरी असं तयार करा. अन् अंत्युखियाच्या मंडळीनं पौल-बर्णबावर हात ठेवून पाठवलं, तसं गाडी यायच्या आदल्या रात्री त्यांच्यावर हात ठेवून पाठवा. आम्हाला आजवर कुणी पाठवलं नाही, आम्ही नुसतं जातो.

उत्तर ३ (शिक्षक, लातूर)

एक गोष्ट स्पष्ट सांगत जा. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती नाहीत. बाप्तिस्म्याआधी हे त्या कुटुंबाला समजलंच पाहिजे, विशेषतः लेकरं कॉलेजात असतील तर. लपवणं म्हणजे फसवणूक. राज्यघटनेचं कलम २५ धर्मप्रसाराचा हक्क देतं. पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये सांगितलं, आणि जबरदस्ती, फसवणूक, आमिष यांनी होणाऱ्या धर्मांतरावर बंदी घालणारे राज्यांचे कायदे वैध ठरवले. म्हणून फीचं, औषधाचं आश्वासन श्रद्धेला कधी जोडू नका. मदत करायची तर सगळ्या गावाला करा.

प्रश्नकर्ता

संस्थेला नाही म्हणून कळवलं. आईला सांगितलं, ती म्हणाली, टेबलासाठी माझी पाटली मोड. मोडणार नाही, मित्राकडून उसने घेतो.

आमच्या सात घरांत एक जावबाई आहे, आवाज चांगला, सगळं पाठ होतं तिला. आजपासून तिच्या फोनवर मार्काचं शुभवर्तमान लावून देतो. ताई, तुमच्या ओळखीची टोळी यंदा कोणत्या कारखान्याला जाणार? आमची कर्नाटकाच्या बाजूला जायलीय. डिसेंबरात मी आठ दिवस फडावर येतो.