उतारावर न्यूट्रल? नको रे बाबा

घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकली की पेट्रोल वाचतं, असं कुणीतरी लिहिलंय. आम्हीही तेच समजत होतो. मित्र आणि मी, एकच बाईक, इंदूरहून पहाटे पोहे-जलेबी हाणून निघालो. सिमरोलचा घाट, मोरटक्क्याला नर्मदा, खंडवा, धारणी, मग मेळघाटातून चिखलदरा. सागाची पानं रस्त्यावर इतकी, की वळणावर चाक हलकंसं सरकायचं.

परतीच्या उतारावर न्यूट्रल केलं. पाच-सहा वळणांत मागचा ब्रेक पायाखाली पोकळ लागायला लागला, करपट वास सुटला. मागून मित्र, "भिया, काय जळतंय रे?" थांबून मागच्या ब्रेकच्या ड्रमवर पाणी शिंपडलं तर चर्र झालं. (तेही चूक, आपोआप निवू द्यायचा.)

इंजिनाचा आधार सुटला की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेकचे लायनर (आतले घासणारे पट्टे) तापून पकड जाते. ज्या गिअरात चढलात साधारण त्यातच उतरा. आणि फ्युएल इंजेक्शनच्या (इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल मोजून सोडणाऱ्या) गाडीत गिअर टाकून थ्रॉटल सोडला की पेट्रोल जवळजवळ बंदच होतं, न्यूट्रलला मात्र इंजिन पीत राहतं. म्हणजे बचत कसली, डोंबलाची!