पुरुषांचा अभ्यास सिडनीपासूनच का सुरू करायचा?

उंबरखिंड
पुरुषत्वाचं समाजशास्त्र म्हटलं की पहिलं नाव येतं रेविन कॉनेल यांचं. सिडनीच्या विदुषी, 1995 चं 'मॅस्क्युलिनिटीज' हे त्यांचं गाजलेलं पुस्तक. म्हणणं थोडक्यात असं: पुरुषत्व एक नसतं, अनेक असतात आणि त्यांच्यातही उतरंड असते. सगळ्यात वरचं पुरुषत्व मोजक्यांनाच साधतं, पण त्याचा फायदा बाकीचे पुरुषही उकळतात. विचार पटतो. माझं भांडण क्रमाशी आहे.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये 'स्त्री पुरुष तुलना' लिहिलं. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशी सुनावली गेली (पुढे शिक्षा कमी झाली) आणि वर्तमानपत्रांनी समस्त बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेतलं. ताराबाईंनी उलट विचारलं, की जे दुर्गुण आमच्या माथी मारता ते तुमच्यात नाहीत का? थेट पुरुषांचीच झडती. तरी माझ्या पाहण्यातल्या एमएच्या नोट्समध्ये ताराबाई 'स्त्री-चळवळीचा इतिहास' या प्रकरणात आणि कॉनेल 'सिद्धांत' या प्रकरणात. कच्चा माल आमचा, सिद्धांत त्यांचा.

तिरकीट
झालं, आता विमानही आपलंच म्हणा.
ताराबाईंची लेखणी जहाल आहे, वादच नाही. पण पुरुषाला फैलावर घेणं वेगळं आणि पुरुषापुरुषांतली सत्ता कशी चालते हे मांडणं वेगळं. कॉनेलबाईंनी ऑस्ट्रेलियातल्या पुरुषांच्या आयुष्याच्या कहाण्या नोंदवल्या, त्यातून मांडणी केली, टीका झाल्यावर 2005 च्या एका लेखात समाजशास्त्रज्ञ जेम्स मेसरश्मिट यांच्यासोबत तीच मांडणी पुन्हा तपासली. सिद्धांत असा घडतो.
आणि तुमचा 'कच्चा माल' हा मुद्दा बेनिनचे तत्त्वज्ञ पॉलिन हुंतोंजी यांचा: वसाहतींतून माहिती न्यायची, सिद्धांत युरोपात रचायचा. 2007 च्या 'सदर्न थिअरी' या पुस्तकात कॉनेल यांनीच तो उचलून धरलाय. म्हणजे सिडनीविरुद्धची तक्रारही तुम्ही सिडनीहूनच मागवलीत :)

उंबरखिंड
तक्रार बेनिनची, सिडनीने ती पुढे नेली. ठीकच की.
पण ताराबाई पुन्हा वाचा. साहेबाचा पेहराव, साहेबाचं खाणंपिणं पुरुषांनी बिनदिक्कत उचललं आणि धर्म सांभाळायचं काम तेवढं बायकांच्या गळ्यात, हे त्या सुनावल्याशिवाय सोडत नाहीत. बाहेर साहेबापुढे नमणारा पुरुष घरात शास्त्र काढतो. ही उतरंड नाही तर काय आहे?

बांधावरचा
तुमचं 1882 आणि 1995 चालू द्या, मी 2022 चं बोलतो. डिसेंबरात सोलापुरात लग्न न जमणाऱ्या तरुणांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा काढला. मागणी काय, तर गर्भलिंग तपासणीविरोधी कायदा कडक राबवा. लोक हसले. मला हसू आलं नाही. आमच्याकडे पाच एकर बागायत असलेल्या पोराला मुलगी मिळत नाही आणि पुण्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कंपनीतल्या पोराला मिळते. गावात याच पोरांच्या घराण्यांचा शब्द चालतो, सोसायटी त्यांची, पंचायत त्यांची, आणि सोयरिकीच्या बैठकीत मान खाली. यांना उतरंडीत कुठे बसवता? वरच्या पायरीवर की खालच्या?

तिरकीट
दोन्हीकडे. 2005 च्या लेखात नेमकं हेच आहे: गाव, प्रदेश आणि जग अशा तिन्ही पातळ्यांवर पुरुषत्व वेगवेगळं तपासायचं. तुमचा पोरगा गावात वरचा, नोकरीच्या बाजारात खालचा.

बांधावरचा
हे कळायला लेख कशाला लागतो? मुलीच्या आईला विचारा.

सावली_
सिडनी ते पुणे अंतर सगळे मोजताय. पुण्यातून गावकुसाबाहेर किती, हे कोणी मोजत नाही. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे 1998 पासून सांगत होत्या, की दलित स्त्रियांच्या जागेवरून पाहिलं तर ज्ञानच वेगळं दिसतं. दलित लेखिका बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमचं' घ्या. गावासमोर वाकणारा पुरुष, आणि त्याच्याच घरात सुनेच्या पायात लाकडी खोडा. ही मांडणी 'मॅस्क्युलिनिटीज'च्या आधी मराठीत छापून आलेली. पण ती 'आत्मकथन' म्हणून वाचायची, हो ना?
आणि उंबरखिंड, ताराबाईंना सिडनीने नाही विसरायला लावलं. जोतीराव फुल्यांनी आपल्या 'सत्सार' या नियतकालिकात त्यांची बाजू घेतली, त्यानंतर पुस्तक अडगळीत गेलं ते 1975 मध्ये अभ्यासक स. गं. मालशे यांनी पुन्हा काढेपर्यंत. तेव्हा कॉनेल यांचं एकही पुस्तक कोणाच्या अभ्यासक्रमात अडथळा करत नव्हतं.

तिरकीट
सावलीताई, शेवटचा परिच्छेद मला हवा होता तो तुम्हीच लिहिलात. पण आत्मकथनाला सिद्धांत म्हणायचं तर कोणीतरी बसून त्यातली मांडणी वेगळी काढायला हवी, तिच्यावर वाद घालायला हवा. ते होईपर्यंत मी कॉनेलच शिकवणार.

सावली_
शिकवा. फक्त परीक्षेत बेबीताईंवर प्रश्न आला तर तो दोन मार्कांच्या टीपेत ढकलू नका, सोळा मार्कांचा ठेवा. मग बघा, मांडणी वेगळी काढणारे वर्गातच भेटतात की नाही.