बी विंगचा ग्रुप : बंड्या, मनुका आणि दारात ठेवलेले डबे

बी-२०२
सगळ्यांना नमस्कार. काल रात्री जिन्यात आमची धावपळ झाली, बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून एकदाच सगळं लिहिते. आमचं कुत्र्याचं पिल्लू, बंड्या, दवाखान्यात आहे. सलाईन चालू आहे. आज सकाळी मला बघून शेपूट हलवली.

झालं असं. आम्ही राजवाड्याच्या बाजारातून पणत्या घेऊन आलो. दोन्ही हातांत पिशव्या, कुलूप उघडलं तोच बंड्या पायांतून बाहेर. उंबऱ्याशी कुणीतरी प्रेमाने ड्रायफ्रूटचा डबा ठेवून गेलं होतं. मला वाटलं रिकामं खोकं आहे. पणत्या नीट ठेवून मागे वळले तर साहेब दिवाणाखाली. वाकून पाहिलं. काजू-बदाम तसेच विखुरलेले, किसमिसचा कप्पा मात्र चाटूनपुसून साफ, आणि सोनेरी रिबनीचं टोक तोंडातून बाहेर आलेलं. ओढून काढणार होते. पण तेवढ्यात ह्यांनी डॉक्टरांना फोन लावला, डॉक्टर म्हणाले, दातांत नुसती अडकली असेल तर सोडवा, गिळलेली वाटली तर अजिबात ओढू नका. नशिबाने दातांतच होती.

डॉक्टरांनी तीनच गोष्टी विचारल्या. वजन किती, काय आणि किती खाल्लं, किती वाजता. वजन ७ किलो, मूठभर किसमिस, २० मिनिटांपूर्वी. "लगेच या, डबाही घेऊन या." तिथे इंजेक्शन देऊन उलटी काढली. आता ४८ तास सलाईन आणि रोज रक्ताची तपासणी.

बी-१०४
अगं, तो डबा आमचा होता. बेल वाजवली, कुणी नव्हतं, म्हणून दाराशी ठेवला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही माझा.

बी-२०२
काकू, असं मनात आणू नका. दर वर्षी तुमचा डबा येतो तेव्हा आमची दिवाळी सुरू होते. किसमिस कुत्र्याला विष असते हे मलाच काल कळलं. चॉकलेटचं माहीत होतं, हे नव्हतं.

बी-१०१
मुली, एक शंका आहे. आमच्या ग्वाल्हेरच्या वाड्यात मोती होता. बेदाणे घातलेले लाडू, शिरा, सगळं खायचा. चौदा वर्षं जगला. मग ह्यालाच का बाधावं?

बी-४०१
आजोबा, मी उत्तर देते. (मी महूच्या व्हेटरनरी कॉलेजला तिसऱ्या वर्षाला आहे, दिवाळीच्या सुटीवर आलेय.) हा प्रश्न डॉक्टरांनाही बरीच वर्षं सुटत नव्हता. एक कुत्रा वाटीभर द्राक्षं खाऊन खेळत राहतो आणि दुसऱ्याची चार मनुकांवर किडनी बंद पडते. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. द्राक्षात ते भरपूर असतं, पण जात आणि पिकण्याप्रमाणे कमी-जास्त होतं. म्हणून कुठली मनुका बाधेल ते सांगता येत नाही, आणि "इतक्या चालतील" असा आकडाही नाही. मोतीचं नशीब चांगलं होतं, एवढंच म्हणेन.

हेच आम्ल चिंचेत असतं. तेव्हा चिंचेचा गोळा, भेळेची चटणी, आमटीचं पातेलं, सगळं त्याच्यापासून लांब.

आणि ताई, तुम्ही उलटीची वाट न बघता गेलात हे फार बरं केलंत. डॉक्टरांनी जितक्या लवकर उलटी काढली तितका उपयोग जास्त. त्रास दिसायला अर्धा-एक दिवस लागतो, किडनी त्यानंतर एक-दोन दिवसांत जाऊ शकते. लोक "खेळतोय की" म्हणून थांबतात. घरी मीठपाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका कुणी, मिठाने वेगळंच संकट ओढवतं.

बी-३०२
वाचून वाईट वाटलं. पण खरं सांगा, आता घरात पिल्लू आहे म्हणून आकाशकंदील, लाइटिंग, रांगोळी काहीच करायचं नाही का? सण वर्षातून एकदा येतो.

बी-४०१
काका, सगळं करा. झेंडूचं तोरण, आंब्याची पानं चघळली तर फार तर पोट बिघडेल. आकाशकंदील वर टांगलेलाच असतो. भीती आहे ती जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंतच्या वस्तूंची. बंड्या चार महिन्यांचा. ह्या वयात २८ दुधाचे दात पडून ४२ पक्के दात यायला लागतात, हिरड्या शिवशिवतात, आणि पिल्लू सगळं तोंडात घालून बघतं. खोडकरपणा नाही तो. लहान बाळ करतं तेच.

मला सर्वांत जास्त धास्ती रिबनीची आणि दोऱ्याची वाटते, विषापेक्षाही. गिळलेली रिबन एका टोकाला अडकते आणि आतडं पुढे ढकलत राहतं. मग पायजम्याची नाडी ओढल्यावर कापडाच्या चुण्या पडतात ना, तशा आतड्याच्या चुण्या पडतात आणि दोरा ते कापत जातो. ऑपरेशनशिवाय मार्ग नसतो. शेपटीखाली दोरा दिसला तरी ओढायचा नाही, कापायचाही नाही, तसंच उचलून डॉक्टरकडे.

मग त्या सेलवर चालणाऱ्या पणत्या. सगळ्यांकडे आहेत. आत बटणासारखा सेल असतो. तो अन्ननलिकेत अडकला तर न फुटतासुद्धा तासा-दोन तासांत आतून भाजतो. तिथे उलटीही काढायची नाही. तुमच्या पणतीचं झाकण स्क्रूचं आहे की नुसतं सरकवायचं, आजच बघा. सरकवायचं असेल तर चिकटपट्टी लावून वर ठेवा.

लाइटिंगची माळ जमिनीवरून नेऊ नका, खिडकीच्या वरून न्या. वायर चावून शॉक बसलाच तर आधी मेन स्विच बंद, मग कुत्र्याला हात. आणि उठून चालायला लागला तरी दाखवायला न्यायचंच, फुप्फुसात पाणी नंतर भरतं.

बी-३०२
स्क्रूचं नव्हतं. बारा पणत्या होत्या, बाराही वर ठेवल्या. घरात नातूही रांगतोय, हे मला सुचलंच नव्हतं.

बी-२०४
आणि फराळ? आमची ब्राउनी बशीकडे बघत बसते, जीव तुटतो माझा.

बी-४०१
साधी भाजणीची चकली, अगदी छोटा तुकडा, ठीक आहे. पण आपल्या इंदूरच्या डब्यात काय असतं ते आठवा. लसूण सेव. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, वाळवून पूड केली तर आणखी जास्त. चिवड्यात तळलेला कांदा आणि बेदाणे दोन्ही. डार्क चॉकलेट दुधाच्या चॉकलेटपेक्षा किती तरी वाईट, कारण त्यात थिओब्रोमिन हे द्रव्य जास्त असतं, आणि ते कुत्र्याच्या अंगातून फार हळू बाहेर पडतं. डायबेटिसवाल्यांसाठी येणाऱ्या बिनसाखरेच्या गोळ्या-चॉकलेटांवर झायलिटॉल लिहिलेलं असेल तर ती सरळ कपाटात, अर्ध्या तासात साखर इतकी उतरते की झटके येतात. ब्राउनीला उकडलेलं गाजर द्या, बिनमिठाचा भात द्या. तिला तुमच्याजवळ बसून काहीतरी खायला मिळाल्याशी मतलब.

बी-३०३
ताई मी सहावीत आहे आईच्या फोनवरून लिहितोय. आमचा किल्ला खाली पार्किंगमध्ये आहे. बंड्याने परवा बुरूज उकरला होता आणि एक मावळा पळवला. तो मावळा खाल्ला असेल का?

बी-२०२
नाही रे राजा, तो मावळा माझ्याकडे आहे, भाला मोडलाय फक्त. संध्याकाळी घेऊन जा.

बी-४०१
किल्ल्याच्या मातीने आणि अळिवाने काही होत नाही. पण प्लास्टर ऑफ पॅरिसचे मावळे, तोफा पोटात गेल्या तर वाईट. किल्ल्याभोवती विटांची एक रांग लावू या का, मी येते मदतीला.

बी-१०१
मी पण येतो. तटबंदी मला चांगली जमते.

बी-२०३
फटाक्यांचं काय करायचं? २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिवाळीला रात्री ८ ते १० अशी वेळ ठरवून दिली होती. आपल्या अंगणात निदान तेवढं तरी पाळू या, अशी माझी विनंती आहे.

बी-२०२
पूर्ण पाठिंबा. आपल्याला २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुप्पट वरचंही. आम्ही लक्ष्मीपूजनाला साडेसातच्या आत बंड्याला फिरवून आणणार, मग आतल्या खोलीत पंखा आणि टीव्ही चालू. गळ्यात पट्टा आणि त्यावर फोन नंबर, कारण घाबरून पळालेलं पिल्लू परत सापडणं अवघड.

आणि एक, सकाळी अंगण झाडताना न फुटलेले फटाके आधी वेचा. दारूत बेरियमसारखे विषारी क्षार असू शकतात. गेटजवळच्या कुत्रीलाही चार पिल्लं आहेत, त्यांना दवाखान्यात न्यायला कुणी नाही.

बी-२०३
गार्डभैयांशी बोलतो. रिबनी, सेलोफेन, थर्माकोल सुक्या कचऱ्यात, सेल वेगळे, सगळं रात्रीच झाकणाच्या डब्यात. कचरागाडी येईपर्यंत जिन्यात पिशवी नको. इंदूरकरांना वेगवेगळा कचरा शिकवायला नको, फक्त पिशवी बाहेर ठेवायची सवय मोडायची आहे.

बी-४०१
आपापल्या डॉक्टरांना आजच विचारून ठेवा, लक्ष्मीपूजनाला आणि पाडव्याला दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा आहे. आयत्या वेळी बंद दार बघायला नको. पशुवैद्यकीय रुग्णवाहिकेचा नंबर १९६२, तोही फोनमध्ये असू द्या.

बी-२०२
तिसऱ्या दिवशीची बातमी. क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ताची तपासणी) दोन्ही वेळा नॉर्मल आलं. डॉक्टरांनी घरी सोडलं. आल्या आल्या दिवाणाखाली जाऊन वास घेऊन आला, मग माझ्या पायावर डोकं ठेवून झोपला. पायातली गोधडी हलवायचीही छाती होत नाहीये.

सगळ्यांना एकच मागणं. डबा द्यायचा असेल तर बेल वाजवा, घरी नसू तर परत या, नाही तर शेजारी द्या. जमिनीवर ठेवू नका.

बी-१०४
बेल वाजवू का आता? हातात नवा डबा आहे. किसमिस घरीच काढून ठेवल्यात, रिबनही नाही लावली.

बी-२०२
या काकू. दार लोटलेलंच आहे, हळूच ढकला, झोपलाय.