प्रतिसाद: कंटाळवाणं काम आणि लक्ष

'कानात गाणी असल्याशिवाय एकसुरी काम होतच नाही' हे मला फारसं पटलं नाही. आमच्याकडे कोकणात आषाढात भाताची लावणी असते, तरवा, म्हणजे भाताची कोवळी रोपं, 20-25 दिवसांचा झाला की उपटून जुड्या बांधायच्या आणि मग चिखलणी केलेल्या खाचरात वाकून दोन-तीन रोपं एका जागी खोचत मागे मागे सरकायचं, दिवसभर तेच. सुरुवातीला नुसता वैताग, कंबर बोंबलते, सारखं बांधाकडे बघणं होतं किती राहिलं म्हणून. नंतर कधीतरी हात आपोआप चालायला लागतात आणि लक्ष फक्त अंतरावर आणि खोलीवर राहतं, कारण रोप खोल गेलं तर फुटवे कमी येतात आणि वरवर खोचलं तर पाण्यावर तरंगतं, म्हणजे काम साधं असलं तरी चूक लगेच दिसते. मला वाटतं मन रमतं ते यामुळे, नुसत्या कष्टामुळे नाही. ट्रेडमिलवर माझं हे कधी होत नाही, तिथे चुकायला काही नाहीच ना! अर्थात रोजंदारीवर हेच करणाऱ्या बायकांना हे ध्यानबिन सांगायला जाऊ नका, हातातली जुडी फेकून मारतील :)