मदत हवी आहे : मुलगा अजूनही सोल्युशन हुंगतो का, हे कोणत्या तपासणीत कळते?

सुलभा_कुर्ला :
माझा भाचा नशेसाठी सोल्युशन हुंगत असे. शपथ घेऊनही त्याची प्रकृती बिघडतच चालल्यामुळे तो चोरून हुंगतो, अशी माझी खात्री झाली आहे. लघवीच्या तपासणीत काहीही आढळले नाही. हे नक्की कोणत्या तपासणीत कळते, एवढेच कृपया लवकर सांगावे.

जलतरंग :
ताई, त्याचे वय किती आहे आणि प्रकृती बिघडते म्हणजे नेमके काय होते? सोल्युशन पंक्चरचे आहे, की व्हाइटनरमध्ये घालायचे थिनर आहे?

सुलभा_कुर्ला :
वय सोळा आहे. चालताना पाऊल अडखळते. सोल्युशन म्हणजे रुमालावर घेऊन हुंगतात ते. मी तपासणीचे नाव विचारले आहे.

निवृत्त_मुख्याध्यापक :
आमच्या शाळेतही ही मुले मी पाहिली आहेत. २०१२ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने बाटलीतील व्हाइटनर आणि थिनर यांच्या विक्रीवर बंदी घातली, तरी मुलांना ते मिळतच राहिले. पालकांनी दुकानदारांविरुद्ध तक्रार केली पाहिजे.

जलतरंग :
सर, ताईंनी दुकानदारांविषयी विचारलेले नाही.

समुपदेशक_पुणे :
तपासणीच्या मागे न लागता त्याला आधी व्यसनमुक्ती केंद्रात दाखवा; १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी निःशुल्क आहे. एम्सच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत हुंगण्याच्या पदार्थांचे प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर मुलांत १.७ टक्के आढळले होते. तुमचा मुलगा एकटा नाही, हे त्यालाही कळू द्या.

रानवारा :
माझ्या वडिलांच्या पायांना मुंग्या येत असत, त्या बी-१२च्या इंजेक्शनांनी पूर्ण थांबल्या. तीच द्यावीत.

डॉ_मज्जातंतू :
कृपया कोणतेही इंजेक्शन अंदाजाने देऊ नये. सुलभाताई, त्याला चालताना काय होते, सोल्युशन कोठून येत असे आणि तो ते कधीपासून घेत नाही असे म्हणतो, हे सविस्तर लिहा.

सुलभा_कुर्ला :
माझ्या दिरांचा चपलांचा लहान कारखाना आहे. तेथे सुट्टीत कामाला जात असताना तळ चिकटवण्याच्या डब्यातून त्याला सवय लागली आणि ती दीड वर्ष टिकली. दिवाळीला त्याने सोडले, असे तो म्हणतो. त्याला आता पाच आठवडे होत आले, तरी पायातली चप्पल निसटते, जिना चढताना पाऊल अडखळते आणि या आठवड्यात तर त्याला शर्टाची बटणेही लावता येईनात. बंद केले असते, तर हे वाढले असते का?

डॉ_मज्जातंतू :
होय, वाढू शकते. नेहमीच्या लघवीच्या तपासणीत गांजा, अफू अशा पदार्थांचा शोध घेतात. सोल्युशन तीत दिसत नाही, म्हणून त्या अहवालाने कोणतीच बाजू सिद्ध होत नाही. चपलांच्या काही सोल्युशनांत एन-हेक्झेन हे द्रावक असते. शरीरात त्यापासून तयार होणारे द्रव्य लांब मज्जातंतूंना इजा करते, म्हणून आधी पावले आणि मग हात दुबळे होतात. हुंगणे थांबल्यावरही ही दुर्बलता काही आठवडे, कधी काही महिने वाढत राहते.

मात्र त्याच डब्यात टोल्युइन हे दुसरे द्रावकही असू शकते. त्याने मूत्रपिंडातून आम्ल बाहेर पडणे बिघडते, रक्तातील पोटॅशियम घसरते, पायांतले बळ जाते आणि हृदयाचे ठोके चुकू शकतात. म्हणून पोटॅशियम आणि ईसीजी आजच करून घ्या. त्यानंतर मज्जातंतूंची वहन तपासणी, म्हणजे त्यांतून संदेश नीट जातात का हे पाहणारी तपासणी, करा.

समुपदेशक_पुणे :
शरीराचे झाले, पण त्याच्या मनाचे काय? नसा बऱ्या झाल्यावर तो पुन्हा त्याच डब्याकडे वळेल.

डॉ_मज्जातंतू :
तुमचे म्हणणे मला मान्य आहे, परंतु ज्याचे पोटॅशियम घसरले असेल, त्याला समुपदेशनाची वेळ ठरेपर्यंत थांबता येत नाही. दोन्ही उपचार सोबत व्हावेत. आणखी एक गोष्ट : मुलगा हुंगताना सापडला, तर ओरडू नका, त्याच्यामागे धावू नका. या वाफांमुळे हृदय अॅड्रिनलीनला, म्हणजे घाबरल्यावर शरीरात स्रवणाऱ्या संप्रेरकाला, अतिसंवेदनशील होते. दचकल्याने किंवा धावल्याने ठोके बिघडून तो जागीच दगावू शकतो. पहिल्यांदा हुंगणाऱ्या मुलांचेही असे मृत्यू झाले आहेत.

सुलभा_कुर्ला :
पोटॅशियम आणि ईसीजी ठीक आहेत. गुरुवारी वहन तपासणी आहे. मंगळवारी तो जिन्यात पडला, तेव्हा नशेत आहे असे समजून मी शेजाऱ्यांदेखत त्याला मारले. तो पुन्हा पुन्हा सांगत होता, की मावशी, मी दिवाळीपासून हात लावलेला नाही. त्याचे पाय पूर्ववत होतील का?

डॉ_मज्जातंतू :
यावर वेगळे औषध नाही. संपर्क पूर्ण थांबला, तर बहुतेकांत महिन्यामहिन्याने सुधारणा होते. इजा खोल असेल, तर काही दुर्बलता राहते. तोवर फिजिओथेरपी आणि पावलाला आधार देणारी पट्टी लागेल. कारखान्यात त्याला पुन्हा पाठवू नका, कारण न हुंगताही कोंदट खोलीत त्याच वाफा छातीत जातात. गुरुवारी डब्याच्या लेबलाचे छायाचित्र सोबत न्या.

सुलभा_कुर्ला :
छायाचित्र दिरांकडून मागवले आहे. तेथे काम करणाऱ्या दोघांच्या पायांना मुंग्या येतात, असे ते आज प्रथमच म्हणाले; त्यांनाही तीच तपासणी सांगू का?

डॉ_मज्जातंतू :
होय, आणि दोघांनाही तपासणी होईपर्यंत त्या खोलीत काम देऊ नये, असे दिरांना आजच सांगा.