काकवीला इंग्रजीत ‘मोलॅसिस’ लिहायचं का?

करवीर_०९: काकवीच्या बाटलीचं इंग्रजी लेबल करायचंय. डिझायनरनं ‘मोलॅसिस’ टाकलंय. चालेल का? आणि ‘स्लो ॲज मोलॅसिस इन जॅन्युअरी’ हा वाक्प्रचार बॉस्टनच्या दुर्घटनेवरून पडला म्हणतात, खरं का?

गुळव्या: नको. मोलॅसिस म्हणजे कारखान्याची मळी. पाकातली साखर सेंट्रिफ्यूगलमध्ये (गरगर फिरणाऱ्या यंत्रात) काढून घेतल्यावर मागं राहतो तो काळा, कडवट भाग. काकवीतली साखर काढलेलीच नसते. काहिलीतला रस साधारण 105-106 अंश सेल्सिअसला उतरवला की काकवी, तोच 118 च्या आसपास नेला की गूळ. (गुऱ्हाळात वर येणारी घाण झाऱ्यानं काढतात तीही ‘मळी’च, पण तिचा मोलॅसिसशी संबंध नाही.) ‘लिक्विड जॅगरी’ लिहा. भारताबाहेर जॅगरी कळत नाही तिथं खाली ‘अनरिफाइन्ड केन सिरप’ जोडा.

शब्दवेडा: ‘जॅगरी’ लिहायला तर अभिमान वाटावा. संस्कृत शर्करा, त्यावरून मल्याळम चक्करा, ते पोर्तुगीजांनी ‘जागरा’ म्हणून उचललं आणि पुढं इंग्रजीत गेलं. शर्करेचीच दुसरी वाट फारसी शकर, अरबी सुक्कर अशी ‘शुगर’पर्यंत जाते. मोलॅसिस मात्र पोर्तुगीज ‘मेलासू’वरून, मुळाशी लॅटिन ‘मेल’ म्हणजे मध. मेल आणि आपला मधु सारखे वाटतात, पण नातं नाही. मधुचा इंग्रजीतला भाऊ ‘मीड’, मधाची दारू.

वाक्प्रचाराचं म्हणाल तर बॉस्टनची गोष्ट मागून चिकटवलेली आहे. अमेरिकेतल्या या शहरात मोलॅसिसची प्रचंड टाकी फुटली 15 जानेवारी 1919 ला, तिच्या लाटेत 21 माणसं गेली. वाक्प्रचार 19 व्या शतकातच छापलेला सापडतो. शिवाय अर्थही उलटा पडतो: ती लाट ताशी सुमारे 56 किलोमीटरनं आली असा अंदाज आहे, आणि वाक्प्रचार आहे अतिसंथपणाचा. तिकडं जानेवारीत कडाक्याची थंडी. त्यात मळी इतकी दाटते की पिंप आडवं केलं तरी धार लवकर सुटत नाही. एवढंच त्याचं मूळ. ‘इन जॅन्युअरी’ गाळून नुसतं ‘स्लो ॲज मोलॅसिस’ही म्हणतात. शेवटी ‘स’ दिसला तरी शब्द एकवचनीच, म्हणून क्रियापद ‘इज’.

करवीर_०९: लंडनच्या मालावर ‘ट्रीकल’ (तिकडचा दाट काळा साखरपाक) चालेल?

गुळव्या: नाही. तेही रिफायनरीतलंच. जॅगरीच ठेवा.