मदत हवी आहे: सोलरच्या चौकश्या शंभरावर, ऑर्डर एकही नाही

नमस्कार मंडळी,

मिरजेत घरगुती रूफटॉप सोलर बसवायचा माझा व्यवसाय आहे. मी, दोन फिटर आणि हिशेब-कोटेशन बघणारी बायको, एवढाच पसारा. आतापर्यंत कामं ओळखीतूनच मिळत गेली. एका गल्लीत सिस्टीम बसली की शेजारचे गच्चीवर चढून बघायचे, त्यातून पुढचं काम निघायचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना (घरच्या छतावरच्या सोलरला केंद्र सरकारची सबसिडी) आली, मागणी वाढली, पण बसवणारेही गल्लोगल्ली झाले. म्हणून म्हटलं, आपणही ऑनलाइन उतरू.

एका मार्केटिंगवाल्याला दोन महिने काम दिलं. त्याची फी वेगळी, शिवाय जाहिरातीचे रोजचे ३०० रुपये. त्यानं पोस्टर केलं: वर मोठ्ठ्या अक्षरात 'मोफत वीज', खाली '७८,००० पर्यंत सबसिडी', आणि फेसबुकचाच फॉर्म. पहिल्या आठवड्यात धडाधड नावं यायला लागली. दोन महिन्यांत ११२! मी खूश.

मग फोन लावायला बसलो. निम्मे म्हणाले, "कुठला फॉर्म? आम्ही नाही भरला." एकानं विचारलं, "सरकार फुकट देतंय ना, मग तुम्ही पैसे कसले मागताय?" कुणी भाड्यानं राहणारा, कुणाचा अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, गच्ची सोसायटीची. सबसिडी नंतर बँकेत येते, आधी सगळे पैसे भरायला लागतात, हे ऐकलं की समोरचा गप्पच. ११२ मधून ७ ठिकाणी जाऊन गच्ची बघितली, कोटेशन दिलं. एकही पक्कं झालं नाही. त्या काळात दोन कामं झाली, तीही जुन्या ग्राहकांच्या पाहुण्यांची.

आता मार्केटिंगवाला म्हणतोय फनेल पाहिजे, लँडिंग पेज (जाहिरातीवरून उघडणारं वेबपान) पाहिजे, सीआरएम (ग्राहकांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर) पाहिजे, ४०,००० लागतील. माझं डोकं चालेना. एवढ्याशा धंद्याला हे सगळं खरंच लागतं का? की माझ्या स्वतःच्या फोनवर जमेल असं काही आहे? कुणी केलं असेल तर सविस्तर सांगा. शिव्या घातल्या तरी चालतील.

प्रतिसाद १ (नाशिक)

४०,००० अजिबात देऊ नका. फनेल म्हणजे आपलं नरसाळं. वरून ओतायचं, खाली बाटलीत पडायला पाहिजे. तुमच्याकडं वर ओतलंच चुकीचं.

मी आरओ दुरुस्तीचं काम करतो, हाच मार खाल्लाय. फेसबुकच्या फॉर्ममध्ये नाव आणि नंबर प्रोफाइलमधून आपोआप भरलेले येतात. माणूस दोनदा अंगठा मारतो, फॉर्म गेला. म्हणून "आम्ही भरलाच नाही" म्हणतात, ते खोटं बोलत नाहीत. फॉर्म बनवताना 'मोर व्हॉल्यूम' आणि 'हायर इंटेंट' असे प्रकार असतात, दुसरा घ्या. त्यात पाठवायच्या आधी माहिती पुन्हा दाखवून खात्री करून घेतात. शिवाय एक-दोन प्रश्न स्वतः टाका: घर स्वतःचं आहे का, महिन्याचं बिल किती. नावं कमी येतील, पण फोन फुकट जाणार नाहीत. आणि फोन त्याच तासात करा. दुसऱ्या दिवशी केला की तो चार जणांशी बोलून झालेला असतो.

प्रतिसाद २ (जळगाव)

मी सोलरचंच करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

'मोफत' शब्द काढा. त्या एका शब्दानंच तुमचे ११२ आणले. सबसिडी पहिल्या दोन किलोवॉटला ३०,००० प्रत्येकी, तिसऱ्याला १८,०००, पुढं कितीही बसवा ७८,००० वर थांबते. हे जाहिरातीत सरळ लिहा आणि पैसे नंतर खात्यात येतात हेही लिहा. ज्याला पळायचंय तो तिथंच पळू दे, तुमचं पेट्रोल वाचेल.

फॉर्म मी बंदच केला. जाहिरातीचं बटण थेट व्हॉट्सअ‍ॅप उघडतं. मजकूर एवढाच: "लाईट बिल १,५०० च्या वर येतंय? बिलाचा फोटो पाठवा, किती किलोवॉट लागेल आणि किती खर्च येईल ते सांगतो." बिल शोधून फोटो काढून पाठवतो तो माणूस खरा गरजू. बाकीचे 'हाय' म्हणून गायब होतात, होऊ द्या.

बिलावर सगळं दिसतं: मागच्या महिन्यांचे युनिट, मंजूर भार, नाव. १ किलोवॉट दिवसाला साधारण ४ युनिट देतो, महिन्याला १२०. महिन्याला ३०० युनिट जळत असतील तर अडीच लागतो, आपण ३ सांगायचा. जागा किलोवॉटमागं १०० चौरस फूट, सावली नको. हे गणित मी दहा मिनिटांत व्हॉइस नोटवर सांगतो, माणसाचं नाव घेऊन. छापील पीडीएफपेक्षा त्याचं उत्तर जास्त येतं.

सीआरएम कशाला? व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये लेबल आहेत. 'बिल आलं', 'गच्ची बघितली', 'कोटेशन दिलं', 'अ‍ॅडव्हान्स'. रोज संध्याकाळी तिसरं लेबल उघडायचं आणि ज्यांचे चार दिवस झालेत त्यांना फोन.

अजून एक. गूगलवरचा रिव्ह्यू फिटिंगच्या दिवशी मागू नका. तेव्हा त्याच्या खिशाला भोक पडलेलं असतं. नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा) लागून पहिलं कमी बिल आलं की मागा, बिलाच्या फोटोसकट देतो. माझी जुन्या-नव्या बिलांची जोडी हीच माझी जाहिरात.

प्रतिसाद ३

विकत मिळणाऱ्या नंबरांच्या याद्यांच्या नादी लागू नका. लोक व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट करतात आणि धंद्याचाच नंबर बंद पडतो. ब्रॉडकास्टही (एकच मेसेज एकदम अनेकांना) ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो.

धागाकर्ता (तीन आठवड्यांनंतर)

जळगावकर, दंडवत. मार्केटिंगवाल्याला नमस्कार केला, जाहिरात स्वतः लावली. पैसे तेच, रोज ३००. मेसेज फक्त ३१ आले. पहिल्या दोन दिवसांत एकही नव्हता, तेव्हा बायको म्हणाली, "मोफत परत लिहा." नाही लिहिलं. ३१ पैकी १४ जणांनी बिल पाठवलं, ६ गच्च्या बघितल्या, परवा एकाचा अ‍ॅडव्हान्स आला. ३ किलोवॉट. बिलांची जोडी मलाही जुन्या ग्राहकांकडून आठ मिळाली, तीच आता जाहिरातीत.

एका ठिकाणी मात्र अडलोय. माधवनगरच्या एका काकूंचं बिल वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर आहे, त्यामुळं सबसिडीचा अर्ज अडतो. गच्ची झकास, पैसे तयार. नाव बदलून घेतो म्हणाल्या, त्याला दोन आठवडे झाले. बिल पाठवणाऱ्या १४ मध्ये असे तिघे निघाले. त्यांना सारखा फोन करायला लाज वाटते. काय करता तुम्ही?

प्रतिसाद २ (जळगाव)

फोन नाहीच करायचा. महावितरणचा नाव बदलायचा अर्ज ऑनलाइन होतो, तो तुम्हीच बसून भरून द्या. लोकांना कागद कुठले जोडायचे इथंच अडतं. माझ्याकडं त्यांच्यासाठी पाचवं लेबल आहे, 'नाव बदल'. त्यातला माणूस दुसऱ्याकडं जात नाही.

धागाकर्ता

हे सुचलंच नव्हतं. काकूंना आत्ताच मेसेज टाकला, "कागद काढून ठेवा, रविवारी लॅपटॉप घेऊन येतो." उत्तर आलं: "जेवायलाच या."